छोट्या ट्रेलरमध्ये लिथियम बॅटरी: कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर

सुरुवातीची अवस्था. एका अ‍ॅक्सलचा छोटा, आत झोपता येईल असा ट्रेलर, सामान भरून ९०० किलोच्या आसपास. गाडीला अडकवायच्या कपलरच्या मागच्या पेटीत १०० एएचच्या (अँपिअर-तास) दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, एकेक २८ किलोची. संध्याकाळी पूर्ण भरलेल्या दिसतात, पहाटे फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की व्होल्टेज खाली बसतं आणि फ्रिज बंद. पाणी घालून, हळू चार्ज करून पाहिलं, फरक नाही. प्लेट संपल्या आहेत.

दिवसाचा खप क्लॅम्प मीटरने मोजला. कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि दिवसातला ४० टक्के वेळ चालतो, म्हणजे ३८ एएच. पंखा रात्रभर १२. दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून ८. एकूण ५८. दोन दिवस सोलर पॅनेलला ऊन नाही असं धरलं तर ११६ लागतात. लेडमधून निम्मं काढायचं असतं, त्यामुळे २०० एएच नवं असलं तरी हाताशी १००च. लिथियम ८०–९० टक्के वापरता येते. १०० एएचच्या दोन घ्यायच्या ठरल्या. (गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर हा हिशोब विसरा. तो १२ व्होल्टवर सलग १० ते १५ अँपिअर ओढतो, त्याला गॅसवरच ठेवा.)

या नोंदींत लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. चार सेल सिरीजमध्ये लावले की १२.८ व्होल्ट होतात, म्हणजे आहे त्या १२ व्होल्टच्या वायरिंगला चालतात, आणि इतर लिथियम प्रकारांच्या मानाने ही रसायनं तापून पेट घ्यायला फार जास्त तापमान लागतं. झोपायच्या जागेखाली दुसरा प्रकार मी ठेवणार नाही.

जुनी काढून नवी बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. चार्जर, फ्यूज, गाडीकडून येणारी वायर, चार्ज दाखवणारा मीटर हे सगळं मात्र लेडच्या हिशोबाने लावलेलं असतं. खरं काम तिथे आहे, आणि पैसेही. आत्ताच यादी केली तर बाकीचं सामान बॅटऱ्यांच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जातंय.

२२ सप्टेंबर

दोन्ही बॅटऱ्या आल्या, एकाच मॉडेलच्या, एकाच लॉटच्या. वजन १२ किलो. एका हाताने उचलली तेव्हा खोका रिकामा तर नाही ना असं वाटलं.

लगेच पॅरलल जोडायच्या नाहीत. एक ६० टक्के आणि दुसरी ३० टक्के भरलेली असेल तर जोडल्या क्षणी एकीतून दुसरीत मोठा करंट धावतो. दोन्ही वेगवेगळ्या १४.४ व्होल्टला पूर्ण भरल्या, रात्रभर ठेवल्या. सकाळी दोन्ही १३.४ च्या आत-बाहेर. मग एकेकीवर १० अँपिअरचा लोड लावून शेवटपर्यंत उतरवलं. दोन्ही १०० एएचच्या थोड्या वरच निघाल्या. या चाचणीत एकेक दिवस जातो, पण परत करायची मुदत संपायच्या आत केलेली बरी.

शेवटपर्यंत उतरवल्यावर बॅटरीतलं बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) बाहेरची वाट तोडतं आणि टर्मिनलवर जवळजवळ शून्य दिसतं. बॅटरी मेली असं समजू नका. जुना चार्जर लावला तर तो सुरूच होईना, कारण समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय तो करंट सोडत नाही. टेबलावरच्या पॉवर सप्लायने १३.८ व्होल्ट, ५ अँपिअरची मर्यादा लावून दिल्यावर काही सेकंदांत जागी झाली. दुसरी भरलेली बॅटरी टेकवून जागं करण्याचा सल्ला बरेच जण देतात. भरलेलीतून उतरलेलीत मोठा करंट धावतो हे वरचं कारण तिथेही लागू आहे, म्हणून मी ते टाळलं.

२८ सप्टेंबर

जागा. लेडमधून हायड्रोजन सुटतो म्हणून ती बाहेरच्या पेटीत होती. लिथियमला ती अडचण नाही, उलट तिला थंडी आणि पाणी नको. म्हणून पुढच्या बाकाखाली, अ‍ॅक्सलच्या पुढे. खाली प्लायवूड, चारी बाजूंनी अँगल आणि वरून पट्टा. अपघातात १२ किलोची वस्तू सुटली तर काय होईल हे डोळ्यांसमोर ठेवून पट्टा आवळला.

आता ज्याचा विचार फार कमी जण करतात ते. कपलरवर पडणारं वजन आधी ९२ किलो होतं. ५६ किलो पुढून निघाले आणि २४ किलो मागे सरकून बसले, वजनकाट्यावर ५५. ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर. नाक हलकं झालं की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मागच्या कप्प्यातली हत्यारांची पेटी आणि पाण्याचा कॅन रिकाम्या झालेल्या पुढच्या पेटीत आणले, परत काट्यावर घेतलं, ८७. इतकं पुरे.

५ ऑक्टोबर

चार्जर उघडला. ट्रेलरसोबत आलेला, कायम १३.६ व्होल्ट देणारा. त्यावर लिथियम भरते, पण शेवटचा भाग तासन्‌तास रेंगाळतो, आणि बहुतेक बीएमएस सेल समान करायचं काम त्याच्या वरच्या व्होल्टेजला करतात, त्यामुळे ते जवळपास होतच नाही. काही जुन्या चार्जरमध्ये दर थोड्या दिवसांनी आपोआप १५ व्होल्टच्या वर नेणारा टप्पा असतो, लेडच्या प्लेटवरचं सल्फेट काढायला. तो लिथियमला चालत नाही. चार्जरचा भाग बदलला. १४.४ पर्यंत भरणे, नंतर १३.५ वर धरून ठेवणे, बाकी सगळे टप्पे बंद.

मेन फ्यूजही बदलला. जुना एएनएल प्रकारचा. लिथियमचा आतला रोध इतका कमी असतो की शॉर्ट झालं तर हजारो अँपिअर येतात, आणि दोन पॅरलल म्हणजे दुप्पट. फ्यूजची तार वितळली तरी मधली ठिणगी चालू राहिली तर तो फ्यूज असून नसल्यासारखा. एएनएल साधारण ६,००० अँपिअरपर्यंत तोडतो, क्लास टी २०,००० पर्यंत. १२५ अँपिअरचा क्लास टी घेतला, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर. महाग आहे. बीएमएसमध्ये शॉर्टचं संरक्षण असतंच, मग हा कशाला, असं मलाही विचारण्यात आलं. बीएमएसमधला स्विच म्हणजे मॉसफेट, आणि मॉसफेट जळतो तेव्हा बऱ्याचदा जोडलेल्या अवस्थेतच जळतो.

१२ ऑक्टोबर

केबल. मेन लाइन ३५ चौरस मिमी, मऊ, बारीक तारांची तांब्याची. पहिले लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कान) हातोडीने ठोकायच्या स्वस्त क्रिम्परने लावले. बाहेरून छान दिसत होते. एक लग शिकंजात धरून केबल ओढली तर अख्खी केबल हातात. उरलेले सगळे कापून टाकले आणि हायड्रॉलिक क्रिम्पर भाड्याने आणला, षटकोनी डाय असलेला. त्याचा एक क्रिम्प करवतीने कापून पाहिला. तारा वेगळ्या दिसत नव्हत्या, तांब्याचा एकसंध तुकडा दिसत होता. आधीच्या लगमध्ये तारांमधली हवा उघड्या डोळ्यांना दिसत होती. केबल थोडी जास्त मागवा, कापाकापीत जातेच.

इन्व्हर्टर १००० वॅटचा. त्याचा स्विच पहिल्यांदा टाकला आणि सगळं गप्प. इन्व्हर्टरच्या आतले रिकामे कपॅसिटर क्षणभर इतका करंट ओढतात की बीएमएसला ते शॉर्ट वाटतं आणि ते तोडतं. लेडवर फक्त एक ठिणगी उडायची. उपाय साधा आहे. आधी ३३ ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून चार-पाच सेकंद जोडायचं, मग मेन स्विच. रेझिस्टर एका पुश बटणाला जोडून स्विचशेजारीच बसवला, नाहीतर अंधारात कोण शोधणार.

१३ ऑक्टोबर

लोड लावून जोड तपासले. इन्व्हर्टरवर ७०० वॅटचा हीटर, बॅटरीतून ६० अँपिअर. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, एक टोक टर्मिनलच्या पितळी बुंध्यावर, दुसरं लगच्या पाठीवर. असं एकेक जोड करत गेलो. ३, ४, ३ मिलिव्होल्ट. शंटकडे (करंट मोजायचा भाग) जाणाऱ्या निगेटिव्हवर ११८. हात लावला तर चटका. ६० अँपिअरला ११८ मिलिव्होल्ट म्हणजे ७ वॅट, ते सगळे एका नटाखाली उष्णता होऊन. नट पान्याने घट्टच होता.

उघडलं तर लग आणि टर्मिनलच्या मध्ये स्टीलचा वॉशर. बॅटरीसोबतच्या पिशवीत बोल्ट आणि वॉशर आधीच ओवून आलेले, आणि दादाने ते तसेच लावलेले. क्रम असा हवा: आधी टर्मिनल, त्यावर थेट लग, मग साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग बोल्ट. करंट तांब्यातून पितळात जायला हवा, स्टीलमधून नाही. वॉशर वर घेतला, टर्मिनल बारीक सँडपेपरने पुसलं, माहितीपत्रकातल्या टॉर्कला आवळलं. आता ४ मिलिव्होल्ट. या एका चाचणीला दहा मिनिटं लागतात आणि ती केल्याशिवाय बाकाचं झाकण लावू नये असं माझं मत आहे.

त्याच लोडवर दोन बॅटऱ्यांचा वाटा पाहिला. एकीतून ३८, दुसरीतून २२. कारण पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही एकाच बॅटरीवरून काढलेले, दुसरीला जोडकेबलचा जादा रोध. पॉझिटिव्ह पहिलीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून काढला. ३१ आणि २९.

१९ ऑक्टोबर

मीटर. लेडला व्होल्टेज बघून अंदाज यायचा, इथे नाही. ७० टक्क्यांना १३.२ च्या जवळ आणि ४० टक्क्यांना १३.१ च्या जवळ, त्यात फ्रिज चालू-बंद झाला की आकडा याहून जास्त हलतो. गॅसच्या सिलिंडरसारखं आहे, शेवटपर्यंत ज्योत तीच आणि मग एकदम विझते. म्हणून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट हवाच.

शंटचा मीटर लावला, १०० टक्क्यांवर सेट केला. दिवसभर कडक ऊन, तरी मीटर खालीच चाललेला, संध्याकाळी ६१ टक्के. बॅटरी मात्र १४.२ च्या वर पोचून करंट घ्यायची थांबलेली. मीटर सदोष म्हणून परत करायच्या विचारात होतो. मग टॉर्च घेऊन निगेटिव्ह वायर एकेक मोजल्या. सोलर कंट्रोलरची निगेटिव्ह शंटला बगल देऊन थेट बॅटरीवर. खर्च मोजला जात होता, जमा नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवर एकच केबल हवी, शंटकडे जाणारी. बाकी सगळ्या निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या बाजूला.

सेटिंग लिहून ठेवतो: पूर्ण भरल्याचं व्होल्टेज १४.२ (चार्जरच्या १४.४ पेक्षा किंचित खाली, नाहीतर मीटरला बॅटरी भरल्याचं कधी कळतच नाही), शेवटचा करंट ४ टक्के (करंट इतका खाली आला की बॅटरी भरली समजायचं), कार्यक्षमता ९९ टक्के, प्यूकर्ट (जास्त करंटला क्षमता किती घटते त्याचा आकडा) १.०५.

२६ ऑक्टोबर

गाडीकडून चार्जिंग. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

लिथियम मिळेल तितका करंट घेते, त्यामुळे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणारा) थेट जोडला तर तो तापतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, करंटवर मर्यादा ठेवणारा. २० अँपिअरचा आणून ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ बसवला. इंजिन चालू केलं. चार्जर सुरू, पाच सेकंदांनी बंद, परत सुरू, परत बंद. सेटिंग बदलली, कंपनीचं माहितीपत्रक पाठ झालं, तरी तेच.

दोष वायरचा. गाडीच्या बॅटरीपासून इथवर ७ मीटर, जाऊन-येऊन १४, आणि मूळ वायर ४ चौरस मिमी. तांब्यासाठी ०.०१७५ गुणिले १४ भागिले ४, म्हणजे ०.०६१ ओहम. २० अँपिअर बाहेर द्यायला चार्जर आत २५ घेतो, म्हणजे दीड व्होल्ट वायरमध्येच गेला. त्यात गाडी नवी, तिचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच १२.६ वर उतरतो. चार्जरपाशी ११.१. तो कमी व्होल्टेजचं संरक्षण म्हणून बंद होतो, बंद झाला की लोड जातो, व्होल्टेज परत वर, परत सुरू.

१६ चौरस मिमीची स्वतंत्र जोडी टाकली, मध्ये ५० अँपिअरचा अँडरसन प्लग. तोच हिशोब आता ०.३८ व्होल्ट. या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज. गाडीखालून केबल नेताना एक्झॉस्टपासून लांब आणि दर फूटभर क्लिप. गुडघे गेले. इंजिन चालू असतानाच चार्जर जागा व्हावा म्हणून इग्निशनची वेगळी बारीक वायरही ओढली. अल्टरनेटरचं व्होल्टेज वरखाली होतं तेव्हा नुसत्या व्होल्टेजवर चालू-बंद होणारा चार्जर गोंधळतो.

२ नोव्हेंबर

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर हे वाचाच. चालत्या गाडीपासून ट्रेलर सुटला तर गाडीला बांधलेली पिन ओढली जाते आणि ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात. ती बॅटरी लिथियम असेल आणि त्याच वेळी बीएमएसने वाट तोडलेली असेल, उतरल्यामुळे म्हणा किंवा आणखी कशाने, तर ब्रेकला वीज शून्य. लेड कितीही उतरली तरी काहीतरी देते, इथे मध्ये स्विच आहे.

दोन चाकांच्या ब्रेकचे मॅग्नेट मिळून ६ अँपिअर घेतात. पंधरा मिनिटं धरून ठेवायचं म्हटलं तर दीड एएच. ७ एएचची छोटी सीलबंद लेड बॅटरी फक्त या कामासाठी पुढच्या पेटीत ठेवली, तिचा छोटा चार्जर वेगळा. पिन ओढून चाक जॅकवर फिरवून पाहिलं, जाम. पिन लगेच परत घातली, मॅग्नेट तापतात. लिथियमच्या कामात नवी लेड बॅटरी विकत घेतली याचं घरात बरंच हसू झालं.

२१ डिसेंबर

थंडीतला मुक्काम, उंचावर. रात्री बाहेर शून्याखाली. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम धातूरूपात साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. वापरायला मात्र हरकत नाही. बीएमएस शून्याला चार्जिंग तोडतं, पण शेवटच्या कुंपणावर रोज जाऊन आपटायचं कशाला, म्हणून सोलर कंट्रोलरला बॅटरीचा तापमान सेन्सर जोडून ५ अंशांखाली चार्जिंग बंद केलं होतं. बाकाखाली सकाळी ८ अंश, म्हणजे सगळं ठीक.

तरी दहा वाजता दिवे एकदम भगभगले, पंखा क्षणभर जोरात आणि मग सगळं पूर्ववत. थोड्या वेळाने पुन्हा. कंट्रोलरच्या नोंदीत १४.८ व्होल्ट. तो लेडच्या काळातली तापमान भरपाई अजून करत होता: २५ अंशांखाली दर अंशाला १८ मिलिव्होल्ट जास्त. त्यासाठी तो स्वतःच्या आतला सेन्सर बघत होता, आणि तो छताजवळ ४ अंशांत. २१ अंशांचे ३७८ मिलिव्होल्ट, १४.४ चे १४.७८. बीएमएसने जादा व्होल्टेज म्हणून तोडलं, आणि बॅटरी निघून गेल्यावर पॅनेलची वीज थेट दिव्यांवर. काही जळलं नाही हे नशीब. भरपाई शून्य केली. लिथियमला ती लागतच नाही.

रात्री बाकाची मागची फळी काढून ठेवतो. आतली ऊब बॅटरीला मिळते. हीटिंग पॅड घेतलेला नाही.

३१ जानेवारी

ट्रेलर उभा करून ठेवला होता, ५५ टक्क्यांवर, मेन स्विच बंद. लिथियम पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवायची नाही. स्वतःहून ती महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. महिन्याने पाहिलं तर ३१ टक्के.

मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला, स्विच बंद असताना ६० मिलिअँपिअर. दिवसाला १.४ एएच, महिन्याला ४३. गॅस गळती सांगणारा अलार्म मूळ वायरिंगमध्ये मेन स्विचच्या आधीच जोडलेला, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. हेतू बरोबर आहे, त्यामुळे ती वायर हलवली नाही. तिच्यावर वेगळा छोटा स्विच बसवला, गॅसच्या बाटलीच्या कप्प्यात. बाटलीचा कॉक उघडायला गेलं की तो समोर येतो, आणि तो चालू केल्याशिवाय कॉक उघडायचा नाही.

१५ मार्च

पहिली देखभाल. १४.४ पर्यंत भरून तासभर तिथेच ठेवलं, म्हणजे सेल समान होतात आणि शंटही १०० वर येतो. हे महिन्यातून एकदा, वापर असो वा नसो. मग ६० अँपिअरला पुन्हा मिलिव्होल्ट. फ्यूजच्या एका बोल्टवर ४ चे ११ झालेले, पाव फेरा आवळल्यावर परत ४. रस्त्याचे हादरे. दोन बॅटऱ्यांचा वाटा ३१ आणि २९, तसाच.

अँडरसन प्लगच्या गाडीकडच्या तोंडात चिखल गेला होता, रबरी झाकण मागवलंय. डीसी-डीसी चार्जर बंद कप्प्यात असल्याने तासाभराच्या प्रवासानंतर तापून करंट निम्मा करतो. कप्प्याला खाली-वर दोन जाळ्या पाडायच्या आहेत, त्या झाल्या की आकडे इथे लिहीन.